दवाखान्यात आपल्या वतीने हो-नाही म्हणायला भावाऐवजी मैत्रिणीचं नाव देता येतं का?

अबोली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. जरा लांबण लागणार आहे.

मी ५८. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यातून २०२० ला व्हीआरएस घेतली, सेंट्रल लाइनवर एका ठिकाणी स्वतःचा वन बीएचके आहे, एकटी राहते आणि मजेत राहते. आईवडील गेले. सख्खा धाकटा भाऊ इचलकरंजीला, यंत्रमाग आहेत, दोन मुलं, माणूस सोन्यासारखा, पण घाबरट, आणि वर्षातून दोनदा भेट, भाऊबीज आणि मे महिना. आणि एक मैत्रीण, तिला इथे सुमा म्हणते (खरं नाव नाही). एक्स्चेंजमध्ये चोवीस वर्षं शेजारच्या टेबलावर, आता समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहते. माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडे असते, बीपीची गोळी मी विसरले तर ती खिडकीतून ओरडते.

गेल्या दिवाळीनंतर माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. छोटंसंच, दुर्बिणीचं. अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर सुमा सोबत. तिथल्या मुलाने विचारलं पेशंटच्या तुम्ही कोण, ती म्हणाली मैत्रीण. तर तो मुलगा पेन खाली ठेवून म्हणाला नात्यातलं कोणी नाही का. मी समोर बसलेय, शुद्धीत, चहा बिस्कीट खाऊन नाही (उपाशी होते!) पण डोकं ठिकाणावर, आणि माझ्या देखत हे चाललंय. शेवटी भावाला फोन लावला, स्पीकरवर त्याने हो हो करू दे सही म्हटलं, आणि मग त्या मुलाने स्वतःच नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहिलं आणि म्हणाला, असं लिहिलं की पुढे कोणी विचारत नाही मॅडम. सुमा हसली तेव्हा. रात्री मला म्हणाली, चोवीस वर्षांनी प्रमोशन मिळालं बघ.

मला मात्र तेव्हापासून झोप नाही. कारण आईचं. आई ८४ ची होती, दुसरा अ‍ॅटॅक, त्याच्या आधी दहा वेळा सांगून झालं होतं की मला नळ्या लावू नका रे, तुमच्या बाबांसारखं घरात जाऊ दे. रात्री दोन वाजता आयसीयूच्या बाहेर डॉक्टर आले, व्हेंटिलेटर लावायचा का, पाच मिनिटांत सांगा. भावाने सही केली. काउंटरचं पेन सुतळीने बांधलेलं होतं, ते पुरेना म्हणून तो वाकून सही करत होता, ते मला अजून दिसतं. एकोणीस दिवस. हात बांधून ठेवायला लागले होते कारण ती नळी ओढायची. मी भावाला दोष देत नाही, मी पण शेजारीच उभी होते आणि गप्प बसले.

तर प्रश्न असा की एलआयसीत, पीएफमध्ये, बँकेत, सोसायटीत सगळीकडे आपण नॉमिनी लावतो, तसा दवाखान्याला नॉमिनी लावता येतो का, म्हणजे मी बेशुद्ध वगैरे झाले तर माझ्याबद्दल सुमाने ठरवायचं, भावाने नाही, असं लिहून ठेवता येतं का? ओळखीचे एक जण म्हणाले कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) कर, दुसरे म्हणाले लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं), तिसरे म्हणाले कशाला अभद्र बोलतेस. कोणी केलंय का खरंच? आणि भावाला सांगायचं कसं?

खोडसाळ

तिसऱ्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे मेडिक्लेम काढताना पण हेच, वडील म्हणाले विमा काढला की आजार येतो. काढला नाही, आजार आला.

वाचतोय. माहितगार येतीलच.

ॲड_मोरपीस

ताई, चांगला प्रश्न, आणि यात लोकांचा सगळा गोंधळ चार कागदांचा असतो, त्यामुळे आधी तो सोडवते. (वकील आहे, पण हा सल्ला नव्हे, प्रत्यक्ष करताना कोणाला तरी कागद दाखवून घ्या.)

मृत्युपत्र विसरा, ते तुम्ही गेल्यावर चालू होतं. कुलमुखत्यारपत्र पण विसरा, आणि हे ऐकून लोक हमखास दचकतात. आपल्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला त्याची गरज, त्याच दिवशी तो कागद रद्दी. बाहेरच्या देशांत भान गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे तसं नाही. म्हणून तर कोमातल्या नवऱ्याचं बँक खातं चालवायला बायकांना हायकोर्टात जाऊन पालक म्हणून नेमणूक मागावी लागते, मुंबई हायकोर्टाने अशा नेमणुका केलेल्या आहेत.

नॉमिनीचं म्हणाल तर तो पैशाचा. पैसे कोणाच्या हातात द्यायचे एवढंच त्यातून कळतं, तुमच्या घशात नळी घालायची की नाही हे त्याला कोणी विचारत नाही.

उरलं लिव्हिंग विल. ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कॉमन कॉज खटल्यात हे मान्य केलं, पण तेव्हा अट अशी घातली की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाऊन सही-शिक्का घ्यायचा, आता कोण जाणार तिथे, त्यामुळे कागद फारसे झालेच नाहीत. मग २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानेच ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार (शक्यतो घरचे नसलेले) आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. त्या कागदात तुम्ही पालक किंवा जवळचा नातेवाईक म्हणून नाव द्यायचं, आणि २०२३ नंतर एकापेक्षा जास्त नावं देता येतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. शब्द 'पालक किंवा जवळचे नातेवाईक' असा आहे, म्हणजे पालक हा नात्यातलाच हवा असं कुठे म्हटलेलं नाही. मी तुमच्या जागी असते तर मैत्रिणीचं नाव पहिलं, स्पष्टपणे 'पालक' या शब्दासकट, आणि हेही लिहिलं असतं की सख्खा भाऊ आहे, त्याला याची कल्पना आहे आणि तरी मी विचारपूर्वक हे नाव देते आहे. नाहीतर उद्या कोणीतरी म्हणणार की भाऊ आहे हे बाईंच्या लक्षातच नव्हतं.

कागद झाला की एक प्रत सुमाताईंना, एक फॅमिली डॉक्टरला, एक महापालिका / नगरपालिका / पंचायतीतल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, ज्याला कस्टोडियन म्हणतात. महाराष्ट्रात ही नेमणूक रखडली होती, मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी हायकोर्टात याचिका केली तेव्हा सरकार हललं. आणि गोव्यात २०२४ मध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचंच लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात करून दिली, त्यामुळे तिसऱ्या गृहस्थांना सांगा की जज्जसाहेबांना पण अभद्र वाटलं नाही.

आता मर्यादा, आणि ही नीट वाचा. हा कागद कामाला येतो तो बरं व्हायची आशा उरलेली नाही आणि फक्त यंत्रावर जीव ताणून धरलाय अशा अवस्थेत. तेव्हाही सुमाताई म्हणाल्या आणि नळी काढली असं होत नाही. उपचार करणारे डॉक्टर अधिक किमान दोन तज्ज्ञ (पाच वर्षांचा अनुभव असलेले) यांचं पहिलं मंडळ, मग हॉस्पिटलचंच दुसरं मंडळ ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, मग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं आणि मग पुढे. मंडळ नाही म्हणालं तर हायकोर्टाचा दरवाजा आहे.

पित्ताशयासारख्या साध्या ऑपरेशनला हा कागद लागूच नाही. तिथे तुमची सही, बास. तुम्ही शुद्धीत आणि सज्ञान आहात तर भावाच्या परवानगीचा प्रश्नच येत नव्हता, आणि नातेवाइकाची सही घेतात ती जास्त करून बिलासाठी आणि उद्या भांडण नको म्हणून. यावर सुप्रीम कोर्टाचा २००८ चा समीरा कोहली निकाल आहे. त्या बाई ४४ वर्षांच्या, अविवाहित. तपासणीसाठी भूल दिलेली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढून टाकलं. कोर्ट म्हणालं पेशंट सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, मग आईची संमती चालणार नाही. सख्ख्या आईची! आणि खरोखर तातडी असेल तर डॉक्टर कोणाच्याच सहीसाठी थांबत नाहीत, थांबू नये.

तरी एक साधं पत्र करून ठेवा, की मला बोलता येत नसेल तर माझ्या प्रकृतीची माहिती हिला द्यावी आणि निर्णयात हिला विचारावं. कायद्याने फार वजन नाही, काउंटरवर मात्र उपयोगी पडतं.

अजून एक, मानसिक आजाराच्या बाबतीत आपला कायदा चक्क पुढे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साध्या कागदावर सही करून कोणाही सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी करता येतं, मैत्रीण चालते. डोकं बिघडलं तर मैत्रीण चालेल आणि पित्ताशय बिघडलं तर बहीण व्हावं लागेल, अशी मजा आहे.

सदू_वाचक

वाचनखूण साठवली. मोरपीसताई, तुमची फी किती हो.

रात्रपाळी

मी नर्स आहे, आयसीयूत १७ वर्षं. कायद्याचं वर आलंय त्यामुळे ते सोडते.

अरुणा शानबाग आठवतात का सगळ्यांना? आमच्या पेशातल्या म्हणून आम्ही विसरत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममध्ये हल्ला झाला, भान गेलं ते परत आलंच नाही, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली सगळी वर्षं त्याच हॉस्पिटलच्या नर्सेसनी केलं, घास भरवण्यापासून कूस बदलण्यापर्यंत. २०११ ला सुप्रीम कोर्टापुढे केस आली तेव्हा प्रश्न तोच जो अबोलीताईंचा, हिच्या वतीने बोलायचं कोणी? भरवणं थांबवून त्यांना शांतपणे जाऊ द्यावं अशी याचिका एका लेखिकेने, पिंकी विराणींनी केली होती. कोर्ट म्हणालं त्यांची तळमळ मान्य, पण हिच्या जवळचे म्हणजे केईएमचा स्टाफ. रक्ताचं नातं नव्हतं त्यात कुणाचंच. रोज करणारा तो जवळचा, असं कोर्टाने धरलं. काउंटरवरच्या पोराला हे माहीत नसतं, त्याला सॉफ्टवेअरमध्ये रकाना भरायचा असतो.

आता कोणाला निवडावं याबद्दल मी जे बघते ते सांगते. लोक सगळ्यात शिकलेला, सगळ्यात पैसेवाला नाहीतर सगळ्यात मोठा मुलगा निवडतात. मी म्हणेन रात्री तीनला फोन उचलणारा निवडा. आणि अर्ध्या तासात पोचणारा. आणि तुमच्या काकाने कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर "तू मारायला निघालीस काय तिला" असं विचारलं तरी उभा राहणारा. हा प्रश्न येतोच. जो सहा वर्षांत भेटायला आला नाही तो विमानाने येऊन हा प्रश्न पहिला विचारतो, आमच्याकडे अशा नातेवाइकाला एक टोपणनाव आहे ते इथे लिहीत नाही.

दुसरं. 'नळ्या नको' एवढं लिहून भागत नाही हो. न्यूमोनिया झाला, पाच दिवस व्हेंटिलेटर लावला आणि माणूस चालत घरी गेला असं पण आम्ही दर महिन्याला बघतो. मग त्यालाही नको म्हणायचं का? तर तुमच्या सुमाताईंशी बोलताना एकेक घेऊन बोला. थोडे दिवस व्हेंटिलेटर लावून बघायचं का, किती दिवस. गळ्याला भोक पाडून नळी घालायची वेळ आली तर. डायलिसिस. नाकातून पोटात नळी घालून महिनोन् महिने खाणं. हृदय थांबलं तर छाती दाबायची का, ८० च्या माणसाच्या फासळ्या मोडतात तेव्हा, आवाज येतो, सिनेमात दाखवत नाहीत तो. आणि मुख्य म्हणजे तुमच्या लेखी जगणं म्हणजे काय, बोलता आलं पाहिजे, माणसं ओळखता आली पाहिजेत, की नुसतं खिडकीतून उन्हं बघता आली तरी चालेल? एक आजोबा म्हणाले होते मला रेडिओ ऐकू आला तरी पुरे, बाकी काही करा. ते वाक्य केसपेपरवर असतं तर किती सोपं झालं असतं.

आणि नळ्या नको म्हणजे उपचार बंद असं घरच्यांना वाटतं, तसं नाही. दुखणं कमी करणं, धाप कमी करणं, तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं हे सगळं चालूच राहतं. खरं तर तेव्हा आम्हाला माणसाकडे बघायला वेळ मिळतो, नाहीतर सगळे मॉनिटरवरच्या आकड्याकडे बघत असतात, नातेवाईक पण.

ताई, तुमच्या आईचे हात बांधले त्याबद्दल काय लिहू. आम्ही बांधतो. दर वेळी वाईट वाटतं.

पश्चिम_खिडकी

मी थोडं उलट बोलणार आहे, राग मानू नये.

आमच्या आत्याने असंच केलं होतं. आत्या एकटी, पुण्याला, शेजारच्या बाईंवर सगळी भिस्त. आम्हाला काही पत्ता नाही. स्ट्रोक आला, आम्ही पाच जण गाडी काढून रात्रीत पोचलो तर शेजारच्या काकूंनी पर्समधून कागद काढला. कागद बरोबर होता, आत्याची सही, सगळं. पण माझ्या वडिलांचा चेहरा त्या वेळी बघायला हवा होता. ७१ वर्षांचा माणूस, सख्खा भाऊ, आणि त्याला डॉक्टर सांगतात की आम्ही या बाईंशी बोलू. त्यांनी नंतर तेराव्यालाही त्या काकूंशी बोलणं केलं नाही, आणि काकूंनी बिचाऱ्यांनी खरं तर सगळं आत्याच्या मनासारखंच केलं होतं.

तेव्हा भावाला आयसीयूच्या दारात कळता कामा नये. हे झालं एक. दुसरं, तुमची मैत्रीण तुमच्याच वयाची असणार ना? तुम्ही ८२ ला पडलात तर ती पण ८२. दुसरं नाव तरुण माणसाचं ठेवा, भाचा, पुतणी, कोणी. तिसरं जरा नाजूक आहे, तुमचा फ्लॅट कोणाला जाणार? मैत्रिणीलाच देणार असाल तर लोक बोलणार, आणि भाऊ कितीही सोन्यासारखा असला तरी भावजय असते, भाच्यांच्या सासुरवाड्या असतात.

ॲड_मोरपीस

पश्चिम_खिडकी यांच्या तिसऱ्या मुद्द्याला +१. कायद्याने बंदी आहे म्हणून नव्हे, पण जिच्या हातात निर्णय तिलाच घर मिळणार असेल तर संशयाला जागा होते. निदान साक्षीदार तरी पूर्ण त्रयस्थ घ्या.

आणि एक राहिलं होतं. अवयवदानाचा फॉर्म भरला असला तरी त्या वेळी संमती विचारतात ती १९९४ च्या कायद्याप्रमाणे जवळच्या नातेवाइकाला, त्यात भाऊ येतो, मैत्रीण येत नाही. म्हणजे ताई, भाऊ तुम्हाला लागणारच आहे.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. रात्रपाळीताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थोडी रडले, पण बरं वाटलं.

पश्चिम_खिडकी, राग कशाचा. फ्लॅट भाच्यांनाच आहे, ते मृत्युपत्र झालंय. पण एक सांगते, भावाला डावलायचं म्हणून मी हे करत नाहीये. आईच्या वेळचं त्याच्याकडून परत करून घ्यायचं नाही म्हणून करतेय. त्याला नाही म्हणता येत नाही. डॉक्टरांना नाही, गिऱ्हाइकाला नाही, बायकोला तर नाहीच.

जर्सीकर

आमच्याकडे न्यू जर्सीत हा कागद इतका सरसकट आहे की अ‍ॅडमिट होताना पत्ता विचारल्यासारखं विचारतात, हेल्थ केअर प्रॉक्सी आहे का. दोन साक्षीदार किंवा नोटरी, आणि जिला प्रॉक्सी नेमलं तिने स्वतः साक्षीदार व्हायचं नाही. इथे तो फक्त मरणाच्या दारातल्या निर्णयापुरता नसतो, तुम्हाला ठरवता येत नाही असं डॉक्टरने म्हटलं की सगळ्याच उपचारांना लागू. पण हा माझा इथला कागद पुण्यात सुट्टीवर असताना कामाला येईल अशा भरवशावर मी नाही, भारतातला वेगळा करायचाय, म्हणून हा धागा वाचतोय.

सांगायचं वेगळंच होतं. माझ्या बायपासच्या आधी मी फॉर्मवर बायकोचं नाव घातलं, ठरलेलंच होतं, ३३ वर्षांचा संसार. सहीला तिच्यापुढे ठेवला तर म्हणाली, मला नाही जमणार. मी म्हटलं म्हणजे काय. म्हणाली, तुला सोडा असं माझ्या तोंडातून निघणार नाही, मी वर्षभर पण मशीनवर ठेवीन, मला माहितीये ना मी कशी आहे ते. मला आधी राग आला, मग कळलं की इतकं खरं मला कोणी कधी बोललं नव्हतं. शेवटी तिच्या बहिणीचं नाव घातलं. बहीण शाळेत गणित शिकवते.

म्हणून विचारतो, अबोलीताई, तुम्ही सुमाताईंना विचारलंत का?

रात्रपाळी

जर्सीकर, नेमका प्रश्न.

अबोली

नाही विचारलं.

(एवढंच लिहून बंद करत होते. तीन दिवसांनी पुढचं लिहितेय.)

मी गृहीतच धरलं होतं. परवा संध्याकाळी तिच्याकडे गेले, ती मटार सोलत होती, मी पण सोलायला बसले आणि सांगून टाकलं. ती काही बोलली नाही, सोलत राहिली. मग म्हणाली विचार करते. मला लागलं थोडं, खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं लगेच हो म्हणेल.

दोन दिवस खिडकीतून हाक नाही. काल सकाळी आली, हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने नऊ प्रश्न लिहिलेले. पहिला प्रश्न, "तू गुदमरत असलीस तर मी आधी नर्सला हाक मारणारच, ते चालेल का?" तिसरा, "तुझा भाऊ रडायला लागला तर मी त्याच्याशी काय बोलू?" सातवा, "मी चुकले तर?" त्यावर मला काही बोलता येईना. तर तिने पानावर सातव्यापुढे एक रेघ मारून ठेवली, म्हणाली हा राहू दे.

रात्रपाळीताई, तुमची यादी घेऊन आम्ही तीन तास बसलो. छाती दाबायची नाही, पाच दिवस व्हेंटिलेटर चालेल, बरं व्हायची खात्री असेल तर दहा, गळ्याला भोक नको. माणसं ओळखता आली पाहिजेत असं मी म्हटलं तर सुमा म्हणाली, तुला आत्ताच ओळखत नाहीत, सोसायटीतल्या निम्म्या बायकांची नावं तू चुकीची घेतेस.

भावाला रात्री फोन केला. बराच वेळ गप्प होता, मागे मागांचा खडखडाट ऐकू येत होता, मग म्हणाला, "ताई, आईच्या वेळी तू एकदा तरी नको म्हणाली असतीस तर मी सही केली नसती." सात वर्षांत हा विषय पहिल्यांदा निघाला. त्यावर मी काय म्हणणार. दुसरं नाव धाकट्या भाचीचं घालायचं ठरलं, ती २६ ची आहे, ठाण्याला नोकरी करते. नाव त्यानेच सुचवलं. नोटरीच्या दिवशी येतो म्हणाला, म्हटलं साक्षीदार म्हणून नको, जेवायला ये.

पालिकेत कस्टोडियन कोण ते विचारायला मात्र अजून जायचंय. फोनवर दोन ठिकाणी मला मृत्युपत्र रजिस्ट्रारकडे करा असं सांगून झालंय.

आणि आता खरी गंमत. निघताना सुमा म्हणाली, मग माझ्यासाठी तू. तिला लग्न झालेली मुलगी आहे नागपूरला, तिची लाडकी, ती काय म्हणेल विचारलं तर म्हणे तिला मी सांगते, तू तुझं सांग. कॅलेंडरचं पान माझ्याच टेबलावर राहिलंय, ते नऊ प्रश्न उलटे करून वाचतेय, तिचं नाव घालून. पहिल्यालाच अडलेय.

मी अजून हो म्हटलेलं नाही.